बायजाबाई : पत्नी, आई, आजी

या आठवड्याच्या घरच्या अभ्यासाला आम्ही आपल्या ग्वाल्हेरच्याच बायजाबाई शिंदे घेतल्या आहेत. माहेर कागलच्या घाटग्यांचं. १८२७ मध्ये यजमान दौलतराव गेले, मुलगा नव्हता. जनकोजीरावांना दत्तक घेऊन बाईंनी राज्य सांभाळलं, काशीला ज्ञानवापीपाशी मंडप बांधला. पण मुलगा मोठा झाला तरी किल्ल्या काही सुटेनात! १८३३ मध्ये त्याच्याशीच बिनसून ग्वाल्हेर सोडावं लागलं. पुढे दत्तक नातू जयाजीरावांच्या काळात त्या परतल्या. १८५८ च्या धामधुमीत घरच्या बायकांना घेऊन नरवरला गेल्या, वय चौऱ्याहत्तर! आम्हाला त्यांचं हे परतणंच मोठं वाटतं. गुरुवारी सासू-सुनांनी मिळून बोलावं : आपल्याकडे कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?