एसी कोणासाठी चालू ठेवायचा?

मे महिन्यात विजेच्या बिलाची तक्रार माझ्या दवाखान्यातही येते. बिल पाहून घरातला एसी बंद होतो आणि चार दिवसांत त्या घरातलं कुणीतरी चक्कर, उलटी नाहीतर अंगभर घामोळं घेऊन समोर बसलेलं असतं. बिल कमी झालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण काटकसर कुठे करायची, हे बोईसर-पालघर-तारापूरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नीट ठरवावं, म्हणून हा सल्ला.

आधी आपला उन्हाळा. चंद्रपूरला पारा ४५ च्या घरात जातो. आपल्या किनारपट्टीवर तो बहुतेक दिवस ३४-३५ च्या आसपास राहतो. तरी जीव इथेच जास्त कासावीस होतो. घाम उडून जातो तेव्हा शरीर थंड होतं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तसं घामाचं होतं: तो नुसता ओघळत राहतो. शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा जवळच्या हवामान केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. कोकणातला पारा कमी दिसतो म्हणून गाफील राहू नका.

म्हणूनच कूलर घेऊ नका. कामासाठी विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून बोईसरला आलेली कुटुंबं गावच्या सवयीने कूलर आणतात. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. इथे बंद फ्लॅटमध्ये तो हवेत आणखी बाष्प सोडतो, घाम उडणं आणखी अवघड होतं आणि भिंतींना बुरशी धरते. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचंही तेच. सुरुवातीला वास छान येतो, तासाभरात खोली चिकट होते.

आता एसी. २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. माझा सल्ला २६-२७ अंशांचा, सोबत पंखा मध्यम गतीवर. पंख्याचा वारा अंगावरून गेला की २७ अंशही सुखाचे वाटतात. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. जुन्या दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजारांच्या पुढे जातो. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते हाही गैरसमजच आहे. पहाटे कुडकुडत चादर ओढायची आणि त्याचे पैसे भरायचे, एवढंच त्यातून होतं. जूनच्या तोंडावर उकाडा असतो पण ऊन नसतं, तेव्हा ड्राय मोड वापरून पाहा.

महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दर चढतो. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. त्यामुळे घाबरून मीटर ३०० च्या आत ठेवण्यासाठी महिन्याचा शेवटचा आठवडा उकाड्यात काढू नका. त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीकडे बघा. दुपारी तीननंतरचं ऊन सरकत्या काचेतून थेट आत येतं आणि एसी संध्याकाळभर तेच बाहेर काढत बसतो. पडदा आतून लावला तर काच तापून ती उष्णता घरातच राहते. बाहेरून चिक, शेडनेट किंवा छज्जा हवा. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर सोसायटीच्या सभेत गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग लावण्याचा विषय घ्याच. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच वरच्या मजल्यावरच्या एक आजी आल्या. जीभ कोरडी, नाडी जलद, उभं केलं की रक्तदाब खाली. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. मुलगा पहिल्या पाळीला गेला की त्या एसी बंद करायच्या. "एकटीसाठी कशाला जाळायचं, डॉक्टर?" असं त्या अगदी सहज म्हणाल्या. संध्याकाळी सगळे घरी आले की मात्र हॉलमध्ये एसी २० वर. मी मुलाला सांगितलं, गणित उलटं करा. दुपारी बारा ते पाच आईची खोली २७ वर, दार लावून. रात्री सगळ्यांनी त्याच एका खोलीत झोपा.

वय वाढलं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. हृदय, मूत्रपिंड, मधुमेहाचे रुग्ण, मानसिक आजाराची काही औषधं घेणारे, तान्ही मुलं आणि गरोदर बायका यांना उकाडा लवकर बाधतो. यांच्यासाठी गारवा औषधासारखाच मोजावा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ताक, कोकम सरबत, ताडगोळे चांगलेच. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण विचारून घ्या.

दुसरे हक्कदार एमआयडीसीतले रात्रपाळीवाले. सकाळी घरी येऊन त्यांना भर उन्हात झोपायचं असतं. झोप लागताना शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, ते तापल्या खोलीत उतरत नाही. अपुऱ्या झोपेचा माणूस रात्री रिअॅक्टरवर उभा राहतो, याचा विचार घरातल्यांनी करावा. त्यांच्या खोलीला काळा पडदा आणि दुपारचा एसी, ही उधळपट्टी नाही.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. कारखान्यांकडून वास यायला लागला की आपण खिडक्या लावून एसी चालू करतो. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, घरातलीच फिरवतो. वास नसेल त्या वेळी सगळ्या खिडक्या उघडून हवा बदला. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. धूळ बसलेल्या जाळीने बिलही वाढतं आणि दमाही. चिंचणी-तारापूरकडे खारा वारा बाहेरच्या युनिटच्या पत्र्या खातो, म्हणून उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग चुकवू नका.

आणि एवढं करूनही कुणी उकाड्यात असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजतंय इतकं तापलं, झटका आला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंखा जोरात लावा, काखेत आणि जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.