चोर सोडून संन्याशाला फाशी

कॉम्प्युटर स्लो झाला की सोलापूरच्या आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीन उपाय ठरलेले आहेत. आधी रिस्टार्ट, मग रॅम, आणि शेवटी फॉरमॅट. कॉम्प्युटर नेमका कशात गुंतलाय ते बघणं हा चौथा उपाय. तो फुकट आहे, बहुधा म्हणूनच कोणी करत नाही. इथल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आहे, आणि या न बघण्यापायी लोकांचे किती पैसे आणि किती सकाळी वाया जातात ते मी रोज बघतो. त्यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो. कारखान्याचं नाव विचारू नका.

टेरी टॉवेलचा कारखाना. ऑफिसात चार-पाच कॉम्प्युटर, त्यातला एक ‘सर्व्हर’. सर्व्हर म्हणायला, एरवी तोही साधा डेस्कटॉपच. त्याच्यावर टॅलीचा डेटा, ऑर्डरच्या एक्सेल शीट आणि जॅकार्डच्या डिझाइनच्या फाइली. तक्रार अशी की सकाळी ऑफिस उघडलं की पहिले दोन-अडीच तास सगळं गोगलगायीच्या चालीनं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपोआप सुरळीत. आणि माल नेमका सकाळीच निघायचा. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, डिस्पॅचचा पोरगा दर पाच मिनिटांनी ऑफिसात डोकावून विचारतोय, “मॅडम, झालं का बिल?” पूर्वी हातानं चलन फाडून गाडी सोडता यायची. 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइसही. म्हणजे कॉम्प्युटर अडला की गाडी अडली.

माझ्या आधी तिथं जे उपाय झाले ते क्रमानं असे. रॅम चारची आठ केली. काडीचा फरक नाही. मग फॉरमॅट. फॉरमॅटनंतर थोडे दिवस मशीन मस्त पळालं, मालक खूश. मग सॉफ्टवेअरवाला येऊन त्याचं सगळं पुन्हा बसवून गेला, आणि हळूहळू मागचंच रडगाणं सुरू. हे ‘थोडे दिवस बरं वाटलं’ फार फसवं असतं. त्यानंच लोकांना फॉरमॅट म्हणजे रामबाण वाटतो.

त्यानंतर कोणीतरी टास्क मॅनेजर उघडला. हे पाऊल बरोबर होतं, पण यादीत सगळ्यात वर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसलं आणि तपास तिथंच संपला. अँटिव्हायरसच मशीन खातोय, करा बंद! विंडोजचा डिफेंडर सहजी बंद राहत नाही, थोड्या वेळानं स्वतःहून चालू होतो. म्हणून कुठलंतरी टूल आणून तो कायमचा मारला. मशीन थोडं हललं, सगळ्यांना वाटलं जिंकलो. पुढं जॉबवर्कवाल्याकडून डिझाइनचा पेन ड्राइव्ह आला. दुसऱ्या दिवशी डिझाइनच्या फोल्डरमध्ये बघावं तर फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. हा शॉर्टकट व्हायरस आपल्याकडं जुना आहे. तो बहुतेक वेळा मूळ फोल्डर पुसत नाही, नुसते लपवतो. पण नेटवर्कवरून तो बाकीच्या मशीनवरही गेला होता, आणि सगळं निस्तरेपर्यंत ऑफिसची दैना झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हे होतं.

मला बोलावलं तेव्हा मी एकच अट घातली: सकाळी मी पोहोचल्याशिवाय सर्व्हर चालू करायचा नाही. दुपारी मशीन सुरळीत असताना तपासून काय मिळणार? सगळेच साव दिसतात.

मशीन चालू केलं, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि प्रोसेसची यादी सोडून आधी ‘परफॉर्मन्स’चा टॅब बघितला. प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आत. मेमरीत भरपूर जागा. पण डिस्क शंभर टक्के, आणि तिचा सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकड्यांत मिलिसेकंद. धडधाकट हार्ड डिस्कला तो साधारण दहा-वीस मिलिसेकंद असतो. रॅम वाढवून काही का झालं नाही ते इथंच कळलं. कोंडी रॅमची नव्हतीच. फिरणारी हार्ड डिस्क इकडंतिकडं विखुरलेल्या फाइलींसाठी सेकंदाला शंभरेकच उड्या मारू शकते; दोन प्रोग्राम एकदम वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाचा-लिहायला लागले की तिचं डोकं नुसतं पळत राहतं आणि टॅलीची पाळी येतच नाही. एसएसडी अशा हजारो उड्या मारते. म्हणून एसएसडी टाकली की जादू झाल्यासारखं वाटतं. मीही ती टाकायला सांगतो, पण तपास झाल्यावर. आधी टाकली की आजार झाकला जातो.

मग रिसोर्स मॉनिटर. विंडोजमध्ये तो आयताच असतो. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतो. त्यातला ‘डिस्क’ टॅब हा माझा सगळ्यात आवडता, कारण तो नुसता प्रोग्रामचं नाव सांगून थांबत नाही, कुठला प्रोग्राम या क्षणाला कुठली फाइल वाचतोय आणि कुठली लिहितोय तेही दाखवतो. तिथं दोन ओळी एकाखाली एक होत्या. डी ड्राइव्हवरच्या बॅकअपच्या फोल्डरमधली एक झिप फाइल. एक प्रोग्राम ती लिहीत होता आणि डिफेंडर, जो मी परत चालू केला होता, तीच वाचत होता. म्हणजे डिफेंडर आपलं काम करत होता. नवी फाइल दिसली, तपासली. प्रश्न हा की एवढी मोठी झिप सकाळी सकाळी बनवतंय कोण?

इथं प्रोसेस एक्सप्लोरर उपयोगी पडतो. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सच्या टूलपैकी हे एक. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनीच विकत घेतली आणि ही टूल आजही मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतात. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये प्रोसेस झाडासारख्या दिसतात: कोणी कोणाला जन्म दिला ते. झिप करणाऱ्या प्रोग्रामवरून वर वर गेलो तर मूळ निघालं टास्क शेड्यूलरचं.

टास्क शेड्यूलर उघडला. सॉफ्टवेअरवाल्यानं लावून दिलेलं एक टास्क: रोज रात्री दोन वाजता पूर्ण डेटाची झिप करायची. हेतू उत्तम. पण रात्री दोनला हे मशीन चालू असतंच कुठं? संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच खाली. आणि टास्कच्या ‘सेटिंग्ज’मध्ये एक टिक होती, जिचा अर्थ असा की ठरलेली वेळ चुकली तर मशीन चालू होताच जमेल तितक्या लवकर काम उरका. टास्क आज्ञाधारक. रात्रीचं काम रोज सकाळी, ऐन बिलिंगच्या वेळेला उरकत होतं. त्यात जुनी झिप पुसायची सोयच ठेवलेली नव्हती. रोजची एक पूर्ण प्रत त्याच डिस्कवर साठत गेली आणि डिस्क काठोकाठ भरत आली. फॉरमॅटनंतर मशीन का पळायचं आणि पुन्हा का बसायचं, दोन्ही उत्तरं त्या एका टास्कमध्ये होती.

मला स्लो मशीनपेक्षा जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. बॅकअप त्याच डिस्कवर! डिस्क गेली असती तर डेटाही गेला असता आणि बॅकअपही. मालकांना वाटत होतं रोज बॅकअप होतोय, निश्चिंत राहा. आता टास्क जेवणाच्या सुट्टीत चालतं, फक्त शेवटच्या काही प्रती ठेवतं, आणि प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. अशा दोन डिस्क आहेत. एक आलटून पालटून मालक घरी नेतात. डिस्क कायम जोडून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर शिरलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. मे 2017 मध्ये वॉनाक्रायनं जगभर तो हिसका दाखवलाय. आणि घरी न्यायची का, हे या एमआयडीसीत समजावून सांगावं लागत नाही. मे 2025 मध्ये इथल्याच एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले. त्यापुढं फाइलींचं दुःख काहीच नाही, पण मागं राहिलेल्यांना कारखाना उभा करताना देण्याघेण्याचा हिशेब कुठंतरी बाहेर सापडला पाहिजे, एवढं नक्की.

आता तुम्ही स्वतः बघायला बसाल तेव्हा कुठं फसाल ते सांगतो.

‘डिटेल्स’च्या टॅबमध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ पंचाण्णव टक्के दिसेल. ती बंद करायला निघालेले लोक मी पाहिलेत. तो आकडा प्रोसेसर किती रिकामा बसलाय त्याचा आहे. जितका मोठा तितकं चांगलं. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या पन्नासेक ओळी दिसतील. तो व्हायरस नव्हे, विंडोजच्या सेवा त्याच्या छत्राखाली चालतात, आणि ‘प्रोसेस’च्या टॅबमध्ये त्याची ओळ उलगडली की आत कुठली सेवा आहे ते दिसतं. विंडोज अपडेट किंवा सर्चचं इंडेक्सिंग चालू असेल तर तासभर धीर धरा, ते संपतं. रोज त्याच वेळेला होत असेल तरच मागं लागा.

मशीन स्लो आहे पण डिस्क, मेमरी, प्रोसेसर कोणावरच ताण दिसत नाही, असंही होतं. तेव्हा ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचा गिगाहर्ट्‌झचा आकडा बघा. तीनच्या आसपास असायला हवा तो काम चालू असतानाही एकच्या खाली आला असेल तर प्रोसेसर तापून स्वतःच दम खातोय. आपल्याकडं हे फार. मागांच्या शेडला लागून ऑफिस, कापसाची बारीक रुई पंख्यात आणि हीट सिंकच्या पट्ट्यांत अशी बसते की कॅबिनेट उघडल्यावर आत नमद्यासारखा थर निघतो. त्यात सोलापूरचा मे महिना. इथं कुठलंही सॉफ्टवेअर दोषी नाही; मशीन बंद करून ब्लोअर मारा, पंखा बोटानं धरून ठेवा म्हणजे गरगर फिरून खराब होणार नाही.

खरे चोरही असतात. क्रॅक केलेलं विंडोज किंवा फुकटचं डिझाइन सॉफ्टवेअर टाकलेल्या मशीनवर बरेचदा दुसऱ्यासाठी क्रिप्टो खणणारा प्रोग्राम सापडतो. त्यातले काही इतके बेरकी की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. मशीन निवांत असताना पंखा घोंघावतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, असं झालं तर संशय पक्का समजा. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये व्हायरसटोटलची तपासणी आहे ती लावा, आणि चालू होताना काय काय उठतं ते सिसइंटर्नल्सच्याच ऑटोरन्समध्ये बघा. अशा मशीनला मात्र मी फॉरमॅटच सांगतो, आणि या वेळी विंडोज विकत घेऊन.

लपणारा प्रोग्राम फक्त चोरांचाच असतो असंही नाही. 2005 च्या ऑक्टोबरात याच रुसिनोविचला स्वतःच्या कॉम्प्युटरवर लपवलेल्या फाइली सापडल्या. माग काढला तर त्या निघाल्या सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून आलेल्या कॉपी-संरक्षणाच्या प्रोग्रामच्या. तो चालू प्रोसेस सतत तपासत बसायचा आणि कोणाला दिसू नये म्हणून स्वतःला लपवायचा. इतका गदारोळ झाला की कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. नावाजलेल्या डब्यातून आलं म्हणजे बिनघोर, असं धरून चालू नका.

एक वही मात्र ठेवा. किती वाजता स्लो झालं, तेव्हा कोण काय करत होतं, डिस्क-मेमरी-प्रोसेसरचे आकडे काय होते. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल. त्या कारखान्यातल्या मॅडमनी “सकाळीच होतं, दुपारी नाही” हे सांगितलं नसतं तर मीही चाचपडत बसलो असतो. त्यांच्या त्या एका वाक्यानं अर्धा तपास केला. आधी येऊन गेलेल्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, कोणी ऐकून घेतलं नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला तुमचा कॉम्प्युटरवाला “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणाला तर त्याला तीनच प्रश्न विचारा: कुठला प्रोग्राम, कुठली फाइल, किती वाजता? उत्तर मिळालं तर खुशाल फॉरमॅट करू द्या. नाही मिळालं तर चहा पाजा आणि सांगा, उद्या सकाळी मशीन चालू करायच्या आधी या.