यादी संगणकालाच करू दे

प्रिय केतकी,


वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन डेटाबेसमध्ये चढवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय आणि तू फायलींची नावं एक्सेलमध्ये हाताने टाइप करायला बसली आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. ते आधी थांबव. टाइप करणारा कितीही काटेकोर असला तरी कुठेतरी ‘दिवाळी’ची ‘दीवाळी’ होतेच. मग यादीत अंक दिसतो, पण क्लिक केल्यावर उघडत नाही.

कमांड प्रॉम्प्ट उघड, स्कॅनच्या फोल्डरात जा आणि ‘डिर /बी /एस /ए-डी’ दे. (खिडकीत अर्थातच रोमन अक्षरं.) ‘बी’मुळे तारीख, आकार हा फापटपसारा गळतो. ‘एस’मुळे आतल्या सगळ्या फोल्डरांतल्या फायली पूर्ण पाथसकट येतात, आणि ‘ए-डी’मुळे फोल्डर स्वतः यादीत घुसत नाहीत. पुढे ‘>’ देऊन सगळं एका टेक्स्ट फायलीत वळव. ही फाइल मात्र दुसऱ्या फोल्डरात ठेव. डिर सुरू होण्याआधीच ती तयार होते, त्यामुळे तिथेच ठेवलीस तर यादीत यादीचंही नाव येतं.

आपल्या लोकांना खरा त्रास देवनागरी नावांचा. सरळ ही कमांड दिलीस तर फायलीत नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव परत मिळवता येत नाही. म्हणून आधी ‘सीएचसीपी 65001’ दे, म्हणजे यादी यूटीएफ-8 मध्ये लिहिली जाईल. स्क्रीनवर चौकोन दिसले तर घाबरू नकोस, तो फॉन्टचा दोष. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघ. आकार आणि तारीखही हवी असेल तर पॉवरशेलमधून सीएसव्ही काढ. पण विंडोजबरोबर येणाऱ्या 5.1 आवृत्तीला एन्कोडिंग यूटीएफ-8 असं बजावून सांगावं लागतं, नाहीतर तिथेही प्रश्नचिन्हंच. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच मागून घे. 03-04 म्हणजे मार्च की एप्रिल, हा वाद नको.

यादी हातात आली की तिला एक्सेलमध्ये ‘जरा नीट’ करायचा मोह होईल. करू नकोस. यादी आहे तशी एका कच्च्या टेबलात घाल, पूर्ण पाथचा एकच रकाना. वर्ष, अंकाचं नाव, एक्स्टेन्शन हे तुकडे नंतर क्वेरीने पाडून मुख्य टेबलात ने. चुकलं तर क्वेरी बदलता येते, यादी शाबूत राहते. याच कारणासाठी मी डिरला फक्त पीडीएफ मागत नाही. कोणीतरी एखादं मुखपृष्ठ जेपीईजीत ठेवलेलं असतंच, ते असं सापडतं. लपलेल्या ‘थम्ब्स.डीबी’ फायली असल्या तर त्याही येतील, त्या डेटाबेसात गाळ.

मायएसक्यूएलमध्ये ‘लोड डेटा’ने भरताना बॅकस्लॅशकडे लक्ष दे. मायएसक्यूएल त्याला एस्केप चिन्ह समजतो. रोमन ‘एन’ने सुरू होणारा फोल्डर असला तर त्याआधीचा बॅकस्लॅश आणि ‘एन’ मिळून नवी ओळ होते, ‘टी’ असेल तर टॅब, आणि बाकी बहुतेक ठिकाणी बॅकस्लॅश गुपचूप नाहीसा होतो. ‘एस्केप्ड बाय’ला रिकामी स्ट्रिंग दिलीस की प्रश्न मिटला. मग कच्च्या टेबलातल्या ओळी मोज आणि ‘बी’ काढून डिर पुन्हा चालव. शेवटी फायलींची एकूण संख्या येते, ती जुळलीच पाहिजे.

आणखी एक. ‘कऱ्हाड’मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण बाइट वेगळे, त्यामुळे शोधताना अर्धे अंक हाती लागत नाहीत. यासाठी मुख्य टेबलात शोधाचा वेगळा रकाना कर आणि त्यात एकच रूप ठेव. पाथच्या रकान्याला मात्र हात लावू नकोस, डिस्कवरची फाइल त्याच बाइटांना ओळखते.

नवे स्कॅन आले की कच्चं टेबल रिकामं करून पुन्हा भर आणि मुख्य टेबलाशी ताडून पाहा. गायब झालेल्या फायलीही त्यातच कळतील. पहिली यादी निघाली की मला मेल कर, रविवारी बसून बघू.

तुझा,
सुधामामा