छाटणी शिकवायची कोणाच्या खर्चाने?

सप्टेंबर उजाडला की नाशिक भागातील द्राक्षबागायतदारास एकच घोर लागतो, तो म्हणजे छाटणीच्या टोळीचा. पेठ, सुरगाणा भागातून मजुरांच्या टोळ्या येतात, मुकादमाशी एकराचा उक्ता दर ठरतो आणि ज्याची तारीख आधी लागली त्याची बाग आधी छाटली जाते. टोळी लांबली की छाटणी लांबते. ती थंडीत गेली तर डोळे उशिरा व मागेपुढे फुटतात आणि पुढची सगळी कामे विस्कळीत होतात.

यावर उपाय म्हणून आपल्याच गावातील चार-पाच जणांस छाटणी शिकवावी, असे आम्ही प्रशिक्षण वर्गात नेहमी सांगतो. त्यावर हमखास उत्तर येते, "सर, शिकवायचे आम्ही आणि पुढच्या वर्षी तो शेजाऱ्याच्या बागेत दिसायचा." ही तक्रार खोटी नाही. तिचा हिशोब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

शिकवण्याचा खर्च कोठे होतो?

शिकाऊ मजुरास दिलेली मजुरी एवढाच खर्च आपल्या डोळ्यांपुढे असतो. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी होतो. उदाहरणादाखल दर गृहीत धरू. कसबी छाटणीदार दिवसाला ६० वेली छाटतो व ६०० रुपये घेतो, म्हणजे वेलीमागे १० रुपये पडतात. शिकाऊ मजूर ४०० रुपये रोजाने १२ दिवस ठेवला आणि त्याने दिवसाला सरासरी २४ वेली छाटल्या, तर त्याचे काम २४० रुपयांचे झाले. रोजचा तोटा १६० रुपये, बारा दिवसांचा १,९२० रुपये. त्याच्याजवळ उभा राहणाऱ्या कसबी माणसाचे दिवसाचे दोन तास मोडले, तर त्याचे १५० रुपये प्रमाणे १,८०० रुपये झाले. तिसरा खर्च वहीत कधीच येत नाही, तो म्हणजे चुकीच्या कापाचा. शिकाऊने छाटलेल्या २८८ वेलींवर वेलीमागे एकच घड गेला, तरी ३०० ग्रॅम वजनाने सुमारे ८६ किलो माल बुडाला. ३० रुपये किलो दराने ते जवळपास २,६०० रुपये होतात. एकूण खर्च ६,३०० रुपयांच्या घरात जातो.

हा तिसरा खर्च मी स्वतः करून पाहिला आहे. पदवीच्या सुटीत घरी आलो असता वडिलांनी कौतुकाने कात्री हाती दिली. काडी तपासणीचा अहवाल खिशात असूनही मी डोळे मोजण्याऐवजी अंदाजाने काप घेतले आणि घड असलेला डोळाच काडीबरोबर खाली पाडला. वडील काही बोलले नाहीत. ती ओळ मात्र त्या हंगामात नुसत्या पानांनी भरली.

वसुली का होत नाही?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली 'ह्युमन कॅपिटल' या ग्रंथात या प्रश्नाचा उलगडा केला. त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मते कौशल्य दोन प्रकारचे असते. एक कोठेही चालणारे, दुसरे त्याच मालकाकडे उपयोगी पडणारे. छाटणी पहिल्या प्रकारात मोडते. शिकलेल्या मजुरास आपण ५०० रुपये देऊन रोजचे १०० रुपये वसूल करू म्हटले, तर ६३ दिवस लागतील. पण शेजारी त्यास दुसऱ्याच दिवशी ६०० रुपये देतो, कारण त्याचा शिकवण्यावर छदामही खर्च झालेला नसतो. म्हणून अशा शिक्षणाचा खर्च शेवटी शिकणाराच कमी मजुरी स्वीकारून सोसतो, असे बेकर यांचे म्हणणे.

आपल्याकडे येथेच गाडे अडते. आमच्या उदाहरणात शिकाऊने २४० रुपयांवर काम करावे लागेल. ज्याची चूल रोजावर पेटते तो हे करू शकत नाही आणि किमान वेतनाच्या खाली मजुरी देणे कायद्यातही बसत नाही. शिकण्यासाठी त्याला कोणी कर्जही देत नाही. मग काही बागायतदार उचल देऊन माणूस बांधून ठेवू पाहतात. हा मार्ग सर्वथा टाळावा. उचलीपोटी मजुरास दुसरीकडे कामास जाण्यापासून अडवणे १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय अडवलेल्या माणसाच्या हातची कात्री कशी चालते, हे वेगळे सांगायला नको.

खर्च कमी करावा, उरलेला वाटून घ्यावा

शिकवण्याची सुरुवात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत न करता एप्रिलच्या खरड छाटणीत करावी. खरडीत काडी एक-दोन डोळ्यांवर आणायची असते. खुंट लांब राहिला तर मागाहून आखूड करता येतो, घड बुडत नाही. म्हणजे वरच्या हिशोबातील २,६०० रुपयांची रक्कमच गळते. हात बसलेला मजूर ऑक्टोबरमध्ये घ्यावा. तेव्हाही पहिले दोन-तीन दिवस त्यास कात्री न देता केवळ रंगाची खूण करू द्यावी. सबकेनवर गाठीजवळ कोणता डोळा राखायचा, सरळ काडीवर अहवालाप्रमाणे कोठे काप घ्यायचा, हे त्याने खुणेने दाखवावे. कसबी माणसाने खूण तपासून मगच कापावे.

उरलेला खर्च एकट्याने सोसू नये. एका शिवारातील पाच बागायतदारांच्या छाटणीच्या तारखा बहुधा मागेपुढे असतात. पाचांनी मिळून दोघा-तिघांस शिकवले, तर मजूर शेजाऱ्याकडे गेला तरी त्या शेजाऱ्याने आपला वाटा आधीच दिलेला असतो. माणसागणिक ३,७०० रुपये पाचांत वाटले की प्रत्येकी ७४० रुपये येतात. हंगामात त्यास चालू दरच द्यावा. वसुली मजुरीतून करायचीच नाही. आपल्या तारखेला माणूस हजर असणे हीच वसुली समजावी.

आणखी एक सुचवावेसे वाटते. विरळणी, डिपिंग ही नाजूक कामे आपल्या बागेत बव्हंशी स्त्रिया करतात, पण कात्री त्यांच्या हाती क्वचितच दिली जाते. गावातच घरसंसार असलेली स्त्री हंगामासाठी दुसऱ्या तालुक्यात जाण्याचा संभव कमी. तिला शिकवण्यावरचा खर्च अंगावर पडण्याची भीतीही तितकीच कमी.

आपल्या बागेतील ठिबकचे व्हॉल्व्ह, फवारणीच्या नोंदी, निर्यातीच्या मालाचे प्लॉटवार कागद ही माहिती मात्र दुसऱ्या प्रकारची होय. ती शेजाऱ्याच्या कामाची नाही, म्हणून तिच्यासाठी तो जादा दर देणार नाही. ती शिकवण्याचा खर्च बागायतदाराने बिनदिक्कत स्वतः करावा व ते काम सांभाळणाऱ्या माणसास रोजावर थोडी वाढ द्यावी. तो सोडून गेल्यास नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे दाखवावे लागते.

गट करू इच्छिणाऱ्या बागायतदारांनी फेब्रुवारीअखेर आपल्या खरडीच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात आणि ज्याची तारीख सर्वांत आधी त्याच्या बागेतील कडेच्या दोन ओळी शिकण्यासाठी राखून ठेवाव्यात.