वाकलेल्या तारेचे बळ

पियानोत सुमारे २३० तारा असतात. प्रत्येक तारेवर सरासरी ७० ते ८० किलोग्रॅम ताण असतो. हा एकूण १६ ते १८ टनांचा भार पेलण्यासाठी वाद्यात बिडाची चौकट बसवलेली असते. मात्र तार तुटते तेव्हा ती सरळ भागात क्वचितच तुटते. बहुधा खुंटीजवळ अथवा दुसऱ्या एखाद्या वळणाशी तुटते. मग वाकवल्याने तार दुबळी होते, असे म्हणावे काय?

ही तार ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असलेल्या पोलादाची असते. उष्णतासंस्कारानंतर ती थंड स्थितीतच उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. त्यामुळे तिचे बळ वाढते. साधे मऊ पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम भार सोसते, तर ही तार २०० किलोग्रॅमहून अधिक सोसते.

१ मिलिमीटर जाडीची तार ७ मिलिमीटर व्यासाच्या खुंटीभोवती गुंडाळली, की तिची बाहेरची बाजू मूळ लांबीच्या एक-अष्टमांशाने, म्हणजे १२.५ टक्के ताणली जाते आणि आतली बाजू जवळपास तितकीच आखडते. पोलाद मूळ स्थितीत परत येऊ शकेल असा ताण मात्र जेमतेम एक टक्का वाढीचा असतो. म्हणून तारेला कायमचा बाक येतो. तरीही ती तुटत नाही. कारण ताणलेल्या थरांना लगतचे कमी ताणलेले थर आधार देतात. उत्तम तार स्वतःच्या व्यासाइतक्या जाड दांड्याभोवती गुंडाळली तरी भंगत नाही. शिवाय खुंटीवरील वेढ्यांच्या घर्षणामुळे आतल्या वेढ्यांपर्यंत ताण फारच थोडा पोहोचतो. तात्पर्य, गोलाईने एकदाच दिलेल्या बाकामुळे तारेचे बळ फारसे घटत नाही.

धोका निराळ्याच गोष्टींत असतो. पकडीने काटकोनात मोडलेली तार त्या जागी चिरण्याचा संभव असतो. पकडीचा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा यांच्याशी ताण एकवटतो. बाक सरळ करून पुन्हा दिला, की आधी ताणलेले थर दाबले जातात व पुन्हा ताणले जातात. अशा आवर्तनांनी सूक्ष्म भेगा वाढत जातात. यालाच धातूची श्रांती म्हणतात. तार लाल तापवून वाकवणे सोपे जाते खरे. परंतु त्या उष्णतेने थंड कर्षणातून मिळालेले बळ नाहीसे होते. म्हणून नवी तार चढवताना तिला थंड स्थितीत, गोलाईने आणि शक्यतो एकदाच बाक द्यावा.