आधी काटा, मग जाकीट

शिरूर आणि दौंडला कचरावेचक बायकांबरोबर फिरताना जे कळत गेलं, ते लिहून ठेवते.

१. वेचक मोजायला जायचं तर पहाटे, नाहीतर दुपारी भंगाराच्या काट्यापाशी. आमची पहिली पाहणी अकराला निघाली आणि वहीत चारच नावं पडली. बायका पाचलाच पोती घेऊन बाहेर पडलेल्या. दौंडला बाटल्यांचं गणित रेल्वेच्या गाड्यांवर, शिरूरला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुठ्ठा जास्त. दुपारी भंगाराच्या दुकानात काट्यापाशी बसलो, तेव्हा कुठे सगळ्याजणी भेटल्या.

२. घंटागाडी दारात आली की वेचणारीच्या हातचा सुका कचरा जातो. गाव स्वच्छ झालं म्हणून आपण खूश, आणि तिचं पोतं अर्धं. जाकीट, हातमोजे, झाडकामाची रोजंदारी, सगळं द्या. पण पुठ्ठा, पत्रा, बाटली विकायचा हक्क तिचाच राहिला पाहिजे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये महापालिकेने ‘स्वच्छ’ या वेचकांच्याच सहकारी संस्थेशी करार केला. तिथे घरटी शुल्क मिळतं आणि भंगाराचे पैसेही त्यांचेच. लहान गावाला सगळं पुण्यासारखं जमणार नाही. विकायच्या हक्काची ही एक अट मात्र घंटागाडीच्या निविदेत लेखी हवी. याबाबत मी मागे हटत नाही.

३. भंगारवाल्याला शत्रू ठरवू नका. आम्ही स्वतःचं खरेदी केंद्र काढून त्याच्यापेक्षा जास्त भाव दिला, पण पैसे पंधरा दिवसांनी बँकेत. तिसऱ्याच दिवशी एक मावशी परत त्याच्या दारात. म्हणाल्या, “ताई, संध्याकाळचं पीठ बँक देती का?” तो रोख देतो, पोर आजारी पडलं तर रात्री उचलही देतो. ती उचल पुढे भावात कापली जाते, हे बायकांनाही ठाऊक असतं. रोज संध्याकाळी रोख देता येत नसेल, तर आपलं केंद्र उघडूच नये.

४. वेचकांची नोंद करा, त्यांना ओळखपत्र द्या, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच आलं. कागदपत्रं नाहीत म्हणून कुणाचं नाव गाळू नका. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याकडेच कागद नसतात.

५. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वेगळी द्या. ओळखपत्राच्या अर्जावर एका आजींचा अंगठा घेत होते. ठसा काही उमटेना. काचेने पडलेल्या चिरांवर चिरा, शाई त्यांतच साचलेली. आजींनी पदराला बोट पुसलं आणि दुसरा हात पुढे केला.