दहा वॅटचा डबा

आपल्या हॉस्टेलमध्ये गिटारी किती आणि ॲम्प किती, याचा हिशेब एकदा करून बघा. गिटारी प्रत्येक मजल्यावर दोन-तीन, आणि ॲम्प मात्र एखाददुसरा, तोही दहा वॅटचा प्रॅक्टिस ॲम्प. गॅदरिंग जवळ आलं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि सगळ्यांची तक्रार एकच: "क्लीन ठीक आहे गं, पण डिस्टॉर्शन लावलं की माश्या घोंगावतात!" मग कोणीतरी सल्ला देतं, विकून टाक आणि नवीन घे. सल्ला फुकट असतो, ॲम्प नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की विकण्याआधी तो डबा एकदा उघडून बघा. त्याच्या आत जे काही आहे, ते जवळजवळ सगळं आपण सेकंड इयरला शिकलोय. जर्नलमध्ये काढलेला क्लिपर इथे कानाने ऐकू येतो. (मी कॉन्व्हेंटवाली. 'रोहित्र' म्हणजे ट्रान्सफॉर्मर हे मला हॉस्टेलच्या मागच्या डीपीवरची पाटी वाचून कळलं. तेव्हा शुद्ध मराठीवाल्यांनी सांभाळून घ्यावं!)

आधी जीव, मग टोन

ॲम्पच्या मेन स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीपर्यंत २३० व्होल्ट असतात. म्हणून उघडण्याआधी पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग पाच-दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आलंय ना, ते बघा. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तर आत कित्येकशे व्होल्ट डीसी असतात, त्यामुळे आपण विद्यार्थ्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. 'हमिंग येतंय' म्हणून तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाकणारे हुशार लोक प्रत्येक कॉलेजात असतात. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या शील्डमधून थेट ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. चॅसीला फेज लागला आणि अर्थ नसेल, तर तो फेज तुमच्या बोटांवर येतो. समोरचा माइक नीट अर्थ केलेला असेल आणि तुमचे ओठ त्याला लागले, की सर्किट पूर्ण! उलटं झालं, म्हणजे माइक लाइव्ह असला, तरी तेच. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ साली स्वानसी इथे स्टेजवरच गेला, तो अर्थ नसलेल्या माइकला हात लागून. हमिंग घालवायचं तर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावा, केबल बदला. अर्थला हात लावू नका.

आत काय असतं?

गिटारच्या पिकअपमधून काही मिलिव्होल्ट ते शेकडो मिलिव्होल्ट सिग्नल येतो. तो आधी ओपॅम्पमध्ये वाढतो (बहुतेक वेळा ४५५८, एका आयसीत दोन ओपॅम्प). डिस्टॉर्शन चालू असेल तर तो दोन उलट-सुलट डायोडांवर आपटतो आणि त्याचं डोकं कापलं जातं. पुढे टोनचे पॉट, मग व्हॉल्यूम, मग टीडीए२०३० सारखी पाच पायांची पॉवर आयसी आणि शेवटी साडेसहा किंवा आठ इंची स्पीकर. बस्स, एवढंच!

'सॉलिड स्टेट म्हणजे भंगार' हा समज आधी डोक्यातून काढून टाका. रोलंडचा जॅझ कोरस जेसी-१२० हा १९७५ साली आलेला ॲम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे आणि त्याच्या क्लीन आवाजाचं नाव आजही घेतलं जातं. खुद्द बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सिरीजचा सॉलिड स्टेट ॲम्प वापरायचे. तेव्हा दोष ट्रान्झिस्टरचा नाही. स्वस्तात बसवायचं म्हणून जिथे काटकसर केलेली असते, तिथे आपल्याला काम आहे.

बदल पहिला : माश्या हाकलणे

माश्यांचं कारण सोपं आहे. सिग्नल कापला की त्यात वरच्या हार्मोनिक्सची गर्दी होते. त्यातून बेस जास्त असेल तर जाड तारा डायोडांना आधीच गच्च भरून टाकतात, आणि कॉर्ड वाजवली की नुसता चिखल. म्हणून क्लिपिंगच्या आधी बेस थोडा कमी करायचा आणि क्लिपिंगनंतर ट्रेबल थोडी कापायची.

दोन्हीला एकच फॉर्म्युला, जो आपण पाठ करून विसरतो: कटऑफ फ्रिक्वेन्सी = १ ÷ (२ × पाय × आर × सी). समजा डायोडांच्या आधीच्या कपॅसिटरपुढे १० किलोओहम आहेत. कपॅसिटर १ मायक्रोफॅरड असेल तर कटऑफ १६ हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या सगळ्यात जाड ई तारेच्या ८२ हर्ट्झच्याही खूप खाली. सगळा बेस आत! तोच कपॅसिटर ०.०४७ केला तर कटऑफ ३३९ हर्ट्झ, आणि आवाज लगेच घट्ट होतो. आयबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमर पेडलमध्ये हीच युक्ती आहे: ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड, म्हणजे ७२० हर्ट्झ. गणित स्वतः करून बघा.

आता ट्रेबल. डायोड सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये असतील आणि त्यांच्या आधी १० किलोओहम असेल, तर डायोडांना समांतर ३.३ नॅनोफॅरड लावा. साधारण ४.८ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं जाईल. माश्या तिथेच राहतात. दोन्ही कपॅसिटर मिळून एका वडापावाएवढाही खर्च नाही.

बदल दुसरा : डायोड

१एन४१४८ हा सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला कापतो. त्याच्या जागी लाल एलईडी लावले तर ते १.७ च्या आसपास कापतात. त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा होतो, पण डिस्टॉर्शन कमी. ओए७९ सारखा जर्मेनियम डायोड ०.३ च्या जवळपास हळूहळू कापायला लागतो. आवाज मऊ होतो, पण व्हॉल्यूमही पडतो. माझी आवड म्हणाल तर एका बाजूला एक सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला सिरीजमध्ये दोन. वेव्हफॉर्मचे दोन अर्धे सारखे कापले जात नाहीत, त्यामुळे सम हार्मोनिक्सही येतात आणि सूर भरलेला वाटतो. सीआरओवर बघा, क्लिपरच्या जर्नलमधलीच आकृती दिसेल!

बदल तिसरा : स्पीकर

सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, आणि खर्चही इथेच. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ३ डीबीने वाढली, तर ते वॅट दुप्पट केल्यासारखंच असतं. ९२ डीबीच्या जागी ९५ चा स्पीकर म्हणजे दहा वॅटचा डबा वीस वॅटसारखा वाजणार. मोठ्या खोक्यात दहा इंची बसवला तर अजून छान. फक्त एक नियम पाळा: मागे ८ ओहम लिहिलं असेल तर ४ लावायचा नाही, आयसी तापून मरते. ४ च्या जागी ८ चालतो, पॉवर थोडी कमी मिळते इतकंच.

ओपॅम्प बदलायची हौस असेल तर टीएल०७२ च्या पिना ४५५८ सारख्याच आहेत. आठ पिनांचा सॉकेट लावा म्हणजे पुन्हा पुन्हा डिसोल्डर करावं लागणार नाही. फरक मात्र थोडासाच, उगाच जादूची अपेक्षा नको. पॉवर आयसीला हात लावू नका. लावलाच, तर हीटसिंकमधली मायका परत बसवा, कारण टीडीए२०३० चा मागचा पत्रा निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो.

चालू करताना

रिपेअरवाले काका वापरतात तो सिरीज बल्ब घ्या, ४० किंवा ६० वॅटचा, पिवळा फिलामेंटवाला (एलईडी बल्ब चालत नाही). त्याच्यातून ॲम्प चालू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्बमुळे निदान ट्रान्सफॉर्मर वाचतो. या चाचणीच्या वेळी एकटं बसू नका, शेजारी कोणीतरी असू द्या.

आणि शेवटचा नियम: एका वेळी एकच बदल. आधीचा फोटो काढा, काढलेला पार्ट पाकिटात ठेवा, वहीत व्हॅल्यू लिहा. पाच बदल एकदम केले की काय चांगलं झालं आणि काय बिघडलं, हे कधीच कळत नाही. ॲम्प वॉरंटीत असेल किंवा दुसऱ्याचा असेल, तर आधी विचारा.

पार्ट पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. अडचण आहे ती जागेची. हॉस्टेलच्या खोलीत गादीवर बसून सोल्डरिंग करणं धोक्याचं आहे, तरी सगळे तेच करतात, कारण दुसरी जागाच नाही. म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती: महिन्यातून एका शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवा. सीआरओ, सोल्डरिंग आयर्न आणि लॅबचे काका, एवढं पुरे. मार्क नकोत, अटेंडन्स नको. ज्या फॉर्म्युल्याला आम्ही व्हायवात घाबरतो, तो एकदा कानाने ऐकला की आयुष्यात विसरणार नाही. आणि अर्थची पिन का काढायची नाही, हेही तिथेच सगळ्यांना कळेल.